घ्यायचा काटा, द्यायचा काटा

साबण हातातून निसटला आणि घरंगळत वजनकाट्याखाली गेला, म्हणून मी वाकलो. एरवी वाकलो नसतो. गळ्याची कातडी भाजून निघाली आहे, मान खाली घातली की ती मागून ओढ घेते, आणि साबणाचं काय, दुसरा असतो. पण पडलेली वस्तू पडू द्यायची हे माझ्या रक्तात नाही. गुडघे टेकले, गाल जवळजवळ फरशीला लावला, आणि डोळे बरोबर काट्याच्या तबकडीसमोर आले. काट्यावर कुणी उभं नव्हतं. तरी त्याची सुई शून्यावर नव्हती. शून्य ओलांडून ती दोन घरं पुढे गेली होती आणि तिथे आरामात उभी होती. दोन घरं म्हणजे दोन किलो. मी तसाच ओणवा राहिलो. नळ चालू होता तो बंद केला, कारण पाण्याच्या आवाजात मला विचार करता येत नाही.

मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे; सध्या आजारपणाच्या रजेवर असलो तरी आहेच. किराणावाले, भंगारवाले, कोळशाच्या वखारी, सराफ, सगळ्यांचे काटे तपासण्यात माझं आयुष्य गेलं. पारड्याखाली लावलेलं मेण मी नुसत्या नखाने शोधून काढलं आहे. या कामाचा पहिला धडा असा की वजन बघण्याआधी रिकामा काटा बघावा. आणि इथे माझ्याच न्हाणीघरात मी रोज सकाळी त्या काट्यावर चढत होतो, वरून आकडा वाचत होतो, आणि घसरलं नाही म्हणून खूश होऊन उतरत होतो. विजार कमरेवर राहत नव्हती, तिला मी दोरी बांधत होतो, आणि काटा म्हणत होता की सगळं जिथल्या तिथे आहे. मी काट्याचं ऐकलं, विजारीचं ऐकलं नाही. आजारपणात माणूस असा ढिला पडतो. काट्याच्या पोटाशी शून्य जुळवायचं एक चाक असतं. ते आपोआप फिरत नाही. घट्ट असतं, अंगठ्याने जोर लावावा लागतो. म्हणजे कुणीतरी ते फिरवलं होतं. घरात आम्ही दोघंच. मी फिरवलेलं नव्हतं.

"अहो, काय झालं? पाणी बंद झालं म्हणून विचारतेय," दाराबाहेरून हिचा आवाज आला. ही म्हणजे माझी बायको. पाणी बंद झालेलं तिला लगेच कळलं, म्हणजे ती दाराशीच उभी होती. किती वेळ उभी होती, आणि रोजच उभी असते का, हे मला ठाऊक नाही. "साबण पडला," मी म्हणालो. सहाच अक्षरं, पण प्रत्येक अक्षर घशाला ओरखडा काढून बाहेर येतं. काट्याला मी हात लावला नाही. साबण तेवढा उचलला. पुरावा हलवायचा नसतो, आणि आपल्याला कळलंय हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं. बाहेर आलो तेव्हा ती टॉवेल घेऊन उभी होती आणि माझ्या चेहऱ्याकडे नाही, काट्याकडे बघत होती. बाजारात याला काटा मारणं म्हणतात. घरात काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

या आजाराची सुरुवातही काट्यानेच झाली. घशात माशाचा काटा अडकलाय असं मला वाटायचं. गिळताना एका ठरावीक जागी टोचायचं. मी कोरडी पोळी गिळून बघितली, केळं गिळून बघितलं, आरशासमोर तोंड वासून बॅटरी मारून बघितलं. हीच एक दिवस म्हणाली, "अहो, पण आपण मासे खाल्ल्याला किती दिवस झाले?" मी वैतागलो होतो तिच्यावर. माझ्या घशात काय अडकलंय ते मला कळणार की तिला? पुढे डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि जे निघालं त्याचं नाव घेताना ते खुर्ची पुढे ओढून बसले. वाईट बातमी देणारा माणूस खुर्ची पुढे ओढतो, आणि लुबाडणारा दुकानदारही तेच करतो. तेव्हापासून मी डॉक्टरांच्या खुर्चीवर नजर ठेवून असतो.

मग किरणांचा शेक सुरू झाला. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला खिळवतात आणि सगळे खोलीबाहेर पळतात. निरुपद्रवी गोष्ट असती तर पळाले असते का? आठवड्यातून एकदा शिरेतून किमो. तोंडाची चव गेली, म्हणजे नुसती गेली असती तर बरं; तिच्या जागी दुसरीच आली. दुधाला लोखंडाची, पाण्याला लोखंडाची, अंड्याला तर गंजलेल्या कुलपाची. लाळ एकतर येईना, आली तर खळीसारखी चिकट. जिभेवर, गालांच्या आत फोड. हॉस्पिटलातली आहारवाली बाई, वयाने माझ्या मुलीएवढी, मला समोर बसवून हळू आवाजात समजवायची. थोडं थोडं खा, दिवसातून पुष्कळदा खा, कोमट खा, मऊ खा, मीठ-सोड्याच्या गुळण्या करा, आणि मुख्य म्हणजे दुखण्याचं औषध खाण्याच्या अर्धा तास आधी घ्या, म्हणजे घास उतरेल. वजन अमुक एका आकड्याखाली गेलं तर पोटाला छोटं भोक पाडून नळी बसवावी लागेल, त्यातून पातळ अन्न सोडता येतं, तात्पुरतंच असतं, खूप जणांना बसवतो. "तात्पुरतं" हा शब्द मी नोकरीत इतक्यांदा ऐकला आहे. रस्त्यात टाकलेली टपरी तात्पुरतीच असते. मला ती नळी नको होती. पोटात ओतायला लागले की माणूस जेवतो असं म्हणत नाहीत, त्याला भरतात.

आणि दुखण्याचं औषध तर मला त्याहून नको होतं. आमच्या ऑफिसातले मोठे साहेब, ज्यांच्या हाताखाली मी काटा धरायला शिकलो, त्यांना भेटायला गेलो होतो तेव्हा उशाशी तीच बाटली होती, तपकिरी, बरोबर मापाचं इवलंसं झाकण. साहेब हसत होते. गालफडं बसलेली आणि हसत होते, मला म्हणाले, काही दुखत नाही रे आता. पुढच्या आठवड्यात ते नव्हतेच. तेव्हा मला कळलं की ही बाटली आली की समजायचं, दुकान आवरायला घेतलंय. डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं, हे फक्त दुखणं थांबवतं, तुमच्या आजाराचं त्यावर काही ठरत नाही, उलट खाता आलं तर उपचार पुरा होईल. पण माझं म्हणणं वेगळंच होतं आणि ते मी त्यांना सांगितलं नाही. रिपोर्ट त्यांचे, मशिनं त्यांची, आकडे त्यांचे. या सगळ्या कारभारात एकच काटा माझा होता, ते दुखणं. कालच्यापेक्षा जास्त की कमी, हे फक्त मला कळत होतं, आणि त्याच्या शून्याला कुणाचा अंगठा लागलेला नव्हता. तो बधिर करून घेतला तर मी कुठवर आलोय हे मला कोण सांगणार? डॉक्टर दर वेळी विचारायचे, "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर आज किती?" प्रमाण नाही, शिक्का नाही, आणि म्हणे मोजा. मी "तीन" म्हणायचो. ते लिहून घ्यायचे. ही शेजारी बसून माझ्याकडे बघायची. बाटली घरी आणली, मी ती कपाटात सगळ्यात वर ठेवून दिली आणि तिला बजावलं, याला हात लावायचा नाही.

ते तीन नव्हतंच. लापशीचा चमचा तोंडात घेतला की कानापर्यंत आग जायची. मी गिळण्याआधी टेबलाची कड धरायचो, डोळ्यांतून पाणी यायचं, मग चमचा परत वाटीत. अर्ध्या वाटीत जेवण संपायचं. पण गेल्या आठ दिवसांत फरक पडला होता. दुखत होतं, पण लांबून, शेजारच्या घरात भांडण चालू असल्यासारखं. वाटी संपायला लागली. एकदा मी दुसरी मागितली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली, म्हटलं, बघा, औषध नाही, काही नाही, नुसत्या जिद्दीवर माणूस काय करू शकतो. मुलगी दूर असते, तिला फोनवर हे ऐकवलंही. ती म्हणाली, "बाबा, आईला द्या." मग ही फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. हल्ली ती फोन घेऊन गॅलरीतच जाते. तिचा भाऊ, माझा मेहुणा, त्याचं औषधांचं दुकान आहे. तो आला की दोघं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कुजबुजतात आणि मी आत गेलो की एकदम हवापाण्यावर बोलायला लागतात. मेहुण्याला हवापाण्यात कधी रस नव्हता. आणि लापशी कडवट लागत होती. लोखंडी चव मला पाठ झाली होती. ही वेगळी होती, जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारी. "आज कडू आहे का ही?" मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या तोंडालाच चव नाही." हे तिने फार पटकन म्हटलं. पटकन आलेलं उत्तर मी आजवर कधी लिहून घेतलेलं नाही, त्यावर थांबलो आहे. तिथे मात्र थांबलो नाही, वाटी संपवली.

साबण पडला त्याच दिवशी वजनाचा वार होता. हॉस्पिटलला निघण्याआधी मी टेबलावरची पितळी वजनं विजारीच्या खिशांत टाकली, अर्ध्या-अर्ध्या किलोची जोडी. खात्यातून बाद झालेली, पेपरवेट म्हणून घरी आणलेली. गेल्या आठवड्यातही टाकली होती. हो, मीही काटा मारत होतो. पण मी माझ्याच वजनात मारत होतो, त्यात कुणाचं काय जात होतं? काट्याजवळची सिस्टर जाडजूड, तोंडात सदा लवंग धरलेली. मी वर चढणार इतक्यात ती म्हणाली, "काका, खिसे रिकामे करा."

"किल्ल्या आहेत," मी म्हणालो.

"गेल्या वेळीही किल्ल्याच होत्या. त्या मी वजा केल्या. आज काढूनच ठेवा. तुमचं औषध वजनावर ठरतं काका, जास्त गेलं तर निस्तरायचं कुणी?"

मी वजनं काढून तिच्या टेबलावर ठेवली. खात्याचा शिक्का वर आला, तो मी उलटा केला. मला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. वाटली असेल तर ती मी ज्यांना पकडलं त्यांना. सिस्टरला कुणी सांगितलं हे विचारायची गरज नव्हती. ही भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र इतक्या मन लावून बघत होती, जसं काही आजवर कधी हात धुतलेच नव्हते. मी काट्यावर चढलो. आकडा खरा होता, घरच्या आकड्यापेक्षा दोनाने कमी, नळीच्या रेघेला जेमतेम टेकलेला.

भंगारवाल्याकडे दोन काटे असतात. घ्यायचा वेगळा आणि द्यायचा वेगळा. तुमच्याकडून घेताना तुमची रद्दी हलकी भरते, दुसऱ्याला देताना तीच जड होते. माझ्या बायकोनेही दोन काटे ठेवले होते. घरी मला सांगायचं की तुमचं वजन उत्तम आहे, आणि इथे खिसे उलटे करायला लावून सांगायचं की बघा, किती घसरलंय. असं दुहेरी कोण वागतं? ज्याला दोन्हीकडून फायदा असतो तो. तिचा फायदा काय, हे शोधत मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिलो. नळी बसली की तिचं काम हलकं होईल. दर दीड तासाला काहीतरी मऊ, काहीतरी कोमट, आणि माझं ते अर्धं टाकणं, यातून ती सुटेल. नळीतून ओतायचं आणि हात पुसायचे. ती कंटाळली असेल. मीही कंटाळलो असतो. काटा काढणं असं आपण सहज म्हणतो एखाद्याच्या बाबतीत. तो शब्द बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला आणि उठेचना. ती माझी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून बसली होती. एकदा तिने झाकण उघडून बाटली पुढे केली. मी नको म्हणालो.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली नाही. कागद बघून म्हणाले, "वजन घसरायचं थांबलंय. हे फार चांगलं आहे. काहीतरी जमलंय तुम्हाला. नळीचं अजून आठवडाभर थांबू, पण आता अर्धा किलो जरी उतरलं तरी मी ऐकणार नाही. दुखणं किती?"

"तीन," मी म्हणालो, आणि पहिल्यांदाच ते जवळपास खरं होतं.

"दुखण्याचं औषध घेताय ना वेळेवर?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "घेतात."

ती डॉक्टरांशी माझ्यादेखत खोटं बोलली. नवऱ्याशी खोटं बोलणं समजू शकतं, घरोघरी चालतं. पण डॉक्टरांशी? रिक्षात ती म्हणाली, "ऊन लागतंय का? इकडे सरकता का?" मी सरकलो नाही. घरी आल्याबरोबर ती स्वयंपाकघरात गेली आणि मी कपाटाशी. स्टूल लावलं, चढलो, घेरी आली, कपाटाचं दार धरून उभा राहिलो. वरच्या खणात बाटली नव्हती. जिथे ती होती तिथे धुळीत एक स्वच्छ गोल तेवढा होता.

आमच्या कामात आगाऊ सूचना देत नाहीत. दुकानात गिऱ्हाईक होऊन जायचं, माल मागायचा, तोलू द्यायचा, आणि पारडं स्थिर झालं की मग ओळखपत्र काढायचं. मी हातपाय धुतले आणि जेवणाच्या टेबलाशी नेहमीसारखा जाऊन बसलो. ती वाटी घेऊन आली. ओट्सची लापशी, वर तूप सोडलेलं. चमचा माझ्या उजव्या हाताला ठेवला, पदराने वाटीची कड पुसली. मी वाटी उचलून तिच्या बाजूला ठेवली.

"आधी तू खा," मी म्हणालो.

"मी खाते मागाहून. निवेल ती, खाऊन घ्या."

"हीच वाटी. माझ्यासमोर."

तिने माझ्याकडे बघितलं. आता ती उठेल, वाटी मोरीत ओतेल, रडेल, भावाला फोन लावेल, असं मला वाटलं. यांतलं काहीही केलं असतं तरी माझी केस उभी राहिली असती. तिने खुर्ची ओढली, बसली आणि चमचा उचलला. मी तिला खाताना बघत होतो. किती दिवसांत मी तिला खाताना बघितलं नव्हतं. मला अन्नाचा वास सहन होत नाही म्हणून ती कधी जेवते, कुठे जेवते, मला कल्पना नव्हती. ती भुकेल्या माणसासारखी खात होती, मध्ये न थांबता. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा नव्या भोकावर आला होता; ते भोक दुकानातलं नव्हतं, कात्रीच्या टोकाने घरीच पाडलेलं होतं. तिने वाटी चमच्याने खरवडली, चमचा चाटला आणि वाटी माझ्यासमोर पालथी करून दाखवली.

"झालं समाधान?"

मी वाटी सुलटी करून ठेवली.

"त्यात दुखण्याचं औषध होतं," ती म्हणाली. "तुमचं. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. आठ दिवस घालतेय. मला सवय नाही, बहुतेक झोप येईल."

"मग खाल्लंस कशाला?" माझा आवाज चिरकला.

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही आयुष्यभर धरून बसला असतात." आयुष्यभर हा शब्द तिने सहज वापरला. माझ्या घरात हा शब्द कित्येक महिन्यांत कुणी उच्चारला नव्हता. "तुम्ही खाताना टेबल धरता ते मला बघवत नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायचं आणि म्हणायचात तिखट आहे. लापशी कधी तिखट असते का हो?"

"आणि काटा?"

"तो मीच फिरवला. सकाळी त्याच्यावरून उतरलात की तुमचं तोंड एवढंसं व्हायचं, मग दिवसभर घास जायचा नाही. पण डॉक्टरांना खोटं वजन कसं सांगू? ते त्यावर औषध देतात." ती उठली, टेबलाला धरून क्षणभर थांबली. "मी सांगायला हवं होतं. तुम्ही ऐकलं नसतंत. बाटली साखरेच्या डब्यामागे आहे." आणि ती बाहेरच्या खोलीत जाऊन कोचावर आडवी झाली.

मी खुर्चीतच बसलो होतो. मला प्रचंड राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझा संशय अगदी बरोबर निघाला होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. माझी जिद्द, जिच्याबद्दल मी मुलीला फोनवर ऐकवलं होतं, ती चमच्याने मोजून लापशीत घातलेली होती. जो एक काटा माझा म्हणून मी जपला, त्याचं शून्यसुद्धा तिने आठ दिवसांपूर्वीच सरकवलं होतं, आणि मी, एवढा नावाजलेला निरीक्षक, त्यावर उभा राहून "तीन" वाचून दाखवत होतो. हे सगळं मी तिला सुनावणार होतो. शब्द जुळवत बाहेरच्या खोलीत गेलो तर ती झोपली होती. चप्पलसुद्धा न काढता, एक हात खाली लोंबकळत. भर दुपारी ती कधी झोपलेली मी बघितली नव्हती. मी तिच्या नाकाजवळ हात धरला. श्वास येत होता, पण फार सावकाश, एक आल्यावर दुसरा येईल की नाही याचा विचार करावा लागेल इतका सावकाश.

मेहुण्याला फोन लावला. "तिने माझं औषध खाल्लं," मी म्हणालो. त्याने मग किती खाल्लं, केव्हा, उलटी झाली का, सगळं विचारून घेतलं. "एवढ्याने सहसा काही होत नाही भाऊजी. ती दमलीय, महिनाभर नीट झोपलेली नाही ती. पण एकटीला सोडू नका. कुशीवर वळवा आणि दर थोड्या वेळाने हाक मारत राहा, उत्तर देतेय ना बघा. हाकेला उत्तर आलं नाही, श्वास अडखळला, की मला नाही, थेट अँब्युलन्सला फोन. मी दुकान बंद करून निघालोच." मग म्हणाला, "भाऊजी, तिच्यावर ओरडू नका." ओरडायला माझ्याकडे आवाज कुठे होता?

तिला कुशीवर वळवलं, चपला काढल्या, खुर्ची तिच्या डोक्याशी ओढून बसलो. "अगं," मी म्हणालो. "हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने परत अगं, परत हं. तोवर माझ्या आत काहीतरी सुरू झालं होतं. सकाळच्या लापशीचा अंमल उतरत होता आणि दुपारची वाटी तिच्या पोटात होती. आठ दिवस शेजारच्या घरात चाललेलं भांडण भिंत फोडून आत आलं. आधी कानामागे, मग जबड्यात, मग घशाच्या त्या ठरावीक जागी, आणि तिथून सगळीकडे. म्हणजे हे इतकं होतं. हा माझा खरा आकडा, ज्याचा मला एवढा अभिमान होता. मी खुर्चीचे हात धरून बसलो. तोंडातली लाळ गिळवेना म्हणून रुमालात थुंकलो. हाक मारायची वेळ झाली. तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. ती हलली नाही. मी पुन्हा जोर लावला, डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि जो आवाज निघाला तो मलाच ऐकू आला नाही, तिला काय येणार. मी तिचा खांदा हलवला, जोरात हलवला. तिने डोळे किलकिले केले, "हं" म्हणाली, आणि परत बुडाली. मेहुणा गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्याला यायला वेळ होता, आणि तोवर या घरात तिला हाक मारणारा माणूस मी एकटा होतो.

मी स्वयंपाकघरात गेलो. साखरेच्या डब्यामागे बाटली होती, तिच्यावर मापाचं झाकण. चिठ्ठीवर लिहिलेलं वाचलं, झाकण ओट्यावर ठेवलं, डोळे त्याच्या रेघेच्या पातळीला आणले आणि ओतलं. रेघेच्या वर एक थेंब गेला नाही. साहेबांचं हसू डोळ्यांसमोर आलं. कदाचित ते खरंच सांगत होते, एवढंच, की दुखत नाही. मी औषध घेतलं. कडू होतं, जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारं, ओळखीचं. परत येऊन खुर्चीत बसलो आणि वाट बघत राहिलो. हाकेऐवजी तिचा हात दाबत राहिलो. दाबला की तिची बोटं थोडी मिटत. किती वेळ गेला सांगता येणार नाही. घसा आवळून बसलेलं काहीतरी एकेक बोट सोडायला लागलं. मी लाळ गिळून बघितली. गेली.

"अगं," मी म्हणालो. या वेळी आवाज निघाला, माझा जुना आवाज नव्हे, पण खोलीत ऐकू जाईल असा.

"हं." मग डोळे मिटूनच, जीभ जड झालेली, "खाल्लंत का?"

"खातोय," मी म्हणालो.

खात नव्हतो. ती झोपेत होती, तिला काय कळणार होतं. पण मी उठलो. पातेल्यात लापशी उरली होती, औषधाशिवायची, निवून घट्ट झालेली. त्यात थोडं गरम दूध घालून सारखी केली आणि पातेलं हातात घेऊन दाराच्या चौकटीत उभा राहिलो, तिथून ती दिसत होती. पहिला चमचा उतरला. दुसराही उतरला. दोन चमचे झाले की हाक मारत होतो, आणि ती हं म्हणाली की पुढचे दोन.